रोला-कोला, पान पसंद अजून मिळतात का?

प्रश्न : मे महिन्यात माझ्या भावाचा पन्नासावा वाढदिवस आहे. शाळेतून येताना आम्ही रोला-कोला, पान पसंद, मँगो मूड घ्यायचो. त्याच गोळ्या आणि सोबत एखादं चॉकलेट भेट द्यावं म्हणते. पण दुकानदार म्हणतात, "त्या आता नाही येऊन राहिल्या जी, बंद पडल्या." खरंच का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, आधी रोला-कोलाचं सांगते. पार्लेने ती २००६ मध्ये बंद केली होती, ते खरं. पण २०१९ मध्ये एका ग्राहकाने ट्विटरवर ती परत मागितली. कंपनीने दहा हजार रीट्वीटची अट घातली, लोकांनी ती पुरी केली आणि त्याच वर्षी गोळी बाजारात परतली. मला याचा फार आनंद झाला होता.

पान पसंद आणि मँगो मूड रावळगावच्या. मालेगाव तालुक्यातलं हे गाव, वालचंद हिराचंदांनी तिथे साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून गोळ्या सुरू झाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिलायन्सने ही नावं पाककृतींसकट २७ कोटींना घेतली. म्हणजे कृती शाबूत आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात विचारून हताश होऊ नका, इतवारीत ठोकवाल्यांकडे अख्खं पाकीट मागा. माझ्या वडिलांचं तिथेच गोळ्या-बिस्किटांचं दुकान होतं. गिऱ्हाईक नावानिशी मागतं तोवरच ठोकवाला माल भरतो, हे मी लहानपणापासून पाहिलंय.

चॉकलेट मात्र मे महिन्यात नकोच. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि आपल्याकडे पारा ४५ गाठतो. वितळून पुन्हा घट्ट झालेल्या वडीवर पांढरट थर येतो. खायला त्यात काही वाईट नसतं, पण भेट म्हणून ती बिचारी दिसते. बाबा होळीनंतर चॉकलेटचे खोके मागवतच नसत.

साखरेच्या गोळ्यांना उन्हाचं तेवढं भय नाही, त्यांचा वैरी ओलावा. आषाढ लागला की आमच्या बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा ढेकूळ व्हायचा. बाबा उलथण्याच्या दांड्याने तो फोडायचे आणि तळाला उरलेला आंबटगोड चुरा आम्हा पोरांच्या तळहातावर यायचा. तेव्हा घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या, वेष्टणं काढू नका, आणि लिमलेट घातल्यात तर पाऊस लागायच्या आत संपवा म्हणून भावाला सांगून ठेवा.