बाबांच्या सत्कारात मी काय बोलू?

"मावशी, नाव गाव काही छापू नका. माझे बाबा विनोदी नट आहेत, तुम्हीही त्यांच्या नाटकांना हसला असाल. मी ३३ वर्षांचा. सोळाव्या वर्षी प्यायला लागलो, कॉलेज सुटलं, गाडी ठोकली, लग्न मोडलं, दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो. तेव्हा घरच्यांनी सगळ्यांना सांगितलं की मी कोर्ससाठी बाहेर गेलोय. आता १४ महिने सोबर आहे. मी नववीत नापास झालो होतो तेव्हा बाबांनी त्याची नाटकात ॲडिशन घेतली, म्हणजे संहितेत नसलेलं वाक्य स्वतःच घातलं, 'आमच्या चिरंजीवांना नववी इतकी आवडली की परत ॲडमिशन घेतली.' रोज टाळी पडायची. मी सुट्टीत दौऱ्यावर बरोबर असायचो, विंगेत बसून ऐकायचो. तेच बाबा रात्री दोनला घरी आले तरी सांगलीचं भडंग आणायचे आणि मला उठवून खायला घालायचे. पुढच्या महिन्यात त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार आहे आणि आयोजक म्हणतायत की मुलानं पाच मिनिटं बोलायलाच पाहिजे. खरं बोललो तर त्यांचा दिवस वाया जाईल, खोटं बोललो तर त्या रात्री मी पिणार, मला माहितीये. सगळे म्हणतात एवढ्या देवमाणसाच्या पोटी हा असा कसा. काय करू?"

अरे बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या विंगेपाशी येऊन अडकले. समोर सातआठशे माणसं पोट धरून हसतायत आणि ज्याच्यावर हसतायत तो चौदा वर्षांचा मुलगा दहा फुटांवर अंधारात एका ट्रंकेवर बसलाय, हे त्यातल्या एकालाही माहीत नाही. तुझ्या बाबांना माहीत होतं. त्यांना त्याचं काही वाटलं नसेल, नटाला आयती टाळी मिळाली की तो ती सोडत नाही, आणि मुलाचं नाव घेतोय म्हणजे कौतुकच करतोय असंसुद्धा त्यांना वाटलं असेल. तरीही ते चूक होतं. हे तुला आजवर कुणी स्पष्ट सांगितलं नसेल म्हणून मी सांगतेय. लेकराची लाज ही बापाच्या खिशातली चिल्लर नसते, रोज रात्री काढून उधळायला.

आता देवमाणसाचं. लोक खोटं बोलत नाहीयेत रे. त्यांना तिसऱ्या घंटेनंतरचा माणूस मिळाला, रंग लावलेला, अडीच तास जीव ओतणारा. तुला मिळाला तो प्रयोग संपवून, बसमध्ये मान वाकडी करून झोपून, पहाटे दार वाजवणारा. नाईटवर, म्हणजे प्रयोगागणिक मिळणाऱ्या पैशांवर, घर चालणाऱ्या नटाला ताप आला म्हणून प्रयोग कॅन्सल करता येत नाही, महिन्याला पंचवीस-तीस प्रयोग केले की घरच्यांसाठी शिल्लक काय राहणार? ही दोन्ही माणसं खरी आहेत. लोकांना दुसरा कधी दिसलाच नाही, आणि तू तोंड उघडलंस की आपला पहिला जातो की काय अशी त्यांना भीती वाटते, म्हणून ते आधीच तुला वाईट ठरवून मोकळे होतात. त्यांचं ते वाक्य ते घरी घेऊन जातील, तू नको घेऊन जाऊस.

तुला सगळे संजय दत्तचं उदाहरण देत असतील. मला तुझं पत्र वाचताना कॅरी फिशर आठवली. स्टार वॉर्समधली राजकन्या लेया, तीच. आई डेबी रेनॉल्ड्स, हॉलिवूडची लाडकी, सदा हसरी नटी, आणि वडील एडी फिशर हे त्या काळचे मोठे गायक. कॅरी दोन वर्षांची असताना बाप घर सोडून गेला तो आईच्याच मैत्रिणीकडे, एलिझाबेथ टेलरकडे, आणि हे सगळं जगभरच्या पेपरात छापून येत होतं, म्हणजे त्या पोरीला बोलता येण्याआधीच तिच्या घराची गोष्ट लोकांना पाठ. आईला सगळ्यांबरोबर वाटून घ्यावं लागतं हे तिला लहानपणी आवडायचं नाही, हे तिनंच पुढे सांगितलंय. शाळेच्या वयात ती आईच्या शोमध्ये गायला उभी राहिली, मग ड्रग्ज आली, चोविसाव्या वर्षी डॉक्टरांनी बायपोलर आजार आहे असं सांगितलं ते तिनं कित्येक वर्षं मान्यच केलं नाही, १९८५ मध्ये तर ओव्हरडोसनं मरता मरता वाचली. आणि आई? आईशी जवळजवळ दहा वर्षं ती नीट बोलत नव्हती.

पण मला तिचं पुढचं सांगायचंय. ती लिहायला लागली आणि २००६ पासून तर एकटी स्टेजवर उभी राहून स्वतःच्या घराची, व्यसनाची, आजाराची गोष्ट सांगायला लागली. लोक खूप हसायचे. मात्र कुठल्या शब्दावर हसायचं हे ती ठरवत होती. तुझ्या बाबतीत उलटं झालं, तुझी गोष्ट तुझ्याआधी दुसऱ्यानं सांगून टाकली आणि तुला विचारलंसुद्धा नाही. तिला ते जमायला पन्नाशी उजाडली, हेही लक्षात ठेव. तुझी सोब्रायटी १४ महिन्यांची आहे. आयोजकांना कार्यक्रमपत्रिकेत एक नाव हवंय म्हणून तू एवढ्यात ते ओझं उचलायचं काही कारण नाही.

आणि ती पूर्ण बरी झाली असं नाही सांगणार मी तुला, शेवटपर्यंत झगडतच होती. पण शेवटच्या काळात माय-लेकी शेजारशेजारच्या घरात राहत होत्या. कॅरी २७ डिसेंबर २०१६ ला गेली आणि दुसऱ्याच दिवशी डेबी गेली. त्या दोघींमधलं जे काही जुळलं ते आधी घरात, कॅमेरा नसताना जुळलं, असं मला वाटतं.

माझंही सांगते. माझे वडील कीर्तनकार होते, तालुक्यात बुवा म्हणून मान, बाहेर शब्दांचा पाऊस आणि घरात आठवडा आठवडा अबोला. ते गेल्यावर शोकसभेत मला बोलायला लावलं आणि मी दहा मिनिटं असे काही वडील सांगितले जे मला कधी मिळालेच नाहीत, सगळे रडले, माझ्या पाठीवर हात फिरवून गेले. त्यानंतर पुढे कितीतरी दिवस मला जेवण गेलं नाही. मला दारूचा आजार नाही, म्हणून मी तेवढ्यावर सुटले. तू 'खोटं बोललो तर पिणार' असं लिहिलंयस ना, ते मी शब्दशः खरं धरतेय, आणि तूही धर.

म्हणून सत्काराचं आत्ताच ठरव. नाही म्हणायचं असेल तर आयोजकांना सरळ सांग, मी पहिल्या रांगेत बसेन, शाल-श्रीफळ द्यायला वर येईन, बोलणार नाही. कारण द्यायचं नाही, कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते. आणि बोलावंसं वाटलंच तर पाच मिनिटं कशाला, एक मिनिट बोल आणि भडंगाची गोष्ट सांग. रात्री दोन वाजता झोपेत असलेल्या पोराला उठवून कागदातलं भडंग खायला घालणारा बाप. ते खरं आहे, ते तू स्वतःहून मला लिहिलंस, आणि ते लिहिताना तुझा हात आखडला नाही हे मला वाचतानाच कळलं. एक खरी गोष्ट सांगितली म्हणजे बाकीच्या सगळ्याला माफी दिली असं होत नाही.

नववीची गोष्ट स्टेजवर नको, ती फक्त बाबांना सांग, सत्काराच्या आधी सांग. ही घाई मी मुद्दाम करतेय, कारण त्या दिवशी त्यांचे सहकलाकार आठवणी सांगायला उठतील आणि त्यातला कुणीतरी प्रेमानं तीच ॲडिशन म्हणून दाखवेल, हे मला आत्ताच दिसतंय. अशी हुकमी टाळीची वाक्यं नाटकवाले विसरत नाहीत. तेव्हा सकाळी चहाला दोघंच असताना म्हण, 'बाबा, त्या वाक्यावर लोक हसायचे तेव्हा मी विंगेत असायचो. त्या दिवशी कुणाला ते म्हणू देऊ नका.' बस, एवढंच. सोळाव्या वर्षाशी त्याचा हिशोब जोडू नकोस, कारण पिण्याला ते एकच कारण नव्हतं हे तुलाही माहितीये, आणि ती गाडी, ते लग्न, त्याचं उत्तर तुझं तुलाच द्यायचंय. बाबा कदाचित विनोद करतील. आयुष्यभर अवघड जागी तेच केलंय त्यांनी. तो विनोद म्हणजे त्यांचं शेवटचं उत्तर असं धरू नकोस, कप विसळ आणि उठ. कधीकधी नटाला वाक्य उशिरा आठवतं.

आणि ते 'कोर्ससाठी बाहेर गेलाय'. घरच्यांनी घाबरून केलं असणार, पण नाटकातल्या, हसवणाऱ्या माणसांच्या घरात व्यसनाचं नाव काढू नये असा काही नियम नाहीये. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं त्यामागे डॉ. अनिल आणि सुनंदा अवचट होते हे तुला माहीत असेल, पण अनिल अवचटांचं गर्दवरचं, म्हणजे ब्राऊन शुगरच्या व्यसनावरचं, लिखाण वाचून अस्वस्थ झालेले आणि त्या कामाला पैशांची मदत करणारे पु. ल. आणि सुनीताबाई होते. अख्ख्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाला गर्दच्या पोरांचं नाव घ्यायला लाज वाटली नव्हती. बाबांनी तुझी तब्येत विचारणाऱ्याला 'तो दारू सोडतोय, १४ महिने झाले' असं एकदा चारचौघांत म्हटलं तर मला त्या शाल-श्रीफळापेक्षा जास्त आनंद होईल.

त्या दिवसाचं आता. तुझ्या स्पॉन्सरला, म्हणजे दारू सोडताना तुला आधार देणाऱ्या सोबत्याला, तारीख आजच कळव आणि त्याला बरोबर घेऊन जा, तिकीट पास मागायला लाजू नकोस. कार्यक्रमानंतर कुठल्यातरी हॉटेलात पार्टी असणारच, तिथे 'दहा मिनिटं तोंड दाखवून येतो' हे नको, थिएटरवरूनच बाबांच्या पाया पड आणि नीघ. रात्री जीव घाबरला आणि कुणी फोन उचलेना तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठे आहे तेही आत्ताच बघून ठेव, आणि तिथे जाताना, जमलं तर, भडंग घेऊन जा.

तुझी,
मावशी