तिसऱ्या दिवशीच्या कोन टेस्टवरून वाळू नापास करू नये

समुद्रातून उपसलेल्या वाळूच्या भरावावर व्हायब्रो कॉम्पॅक्शन (ठरावीक पॉइंटवर कंपन देणारे यंत्र खोल उतरवून वाळू घट्ट करणे) केले, तिसऱ्या दिवशी कोन टेस्ट (टोकदार दांडा जमिनीत दाबत नेऊन वाळूचा रोध मोजणे) घेतली, चार ते सात मीटर खोलीवरचे आकडे थोडक्यात कमी पडले आणि आता तपासणी करणारे कार्यालय सगळे पॉइंट पुन्हा करा म्हणते, हे आपण लिहिलेले वाचले आणि आखातातली माझी एक जुनी साइट डोळ्यांसमोर उभी राहिली. आपली सगळी माहिती माझ्यापुढे नाही, त्यामुळे हे उत्तर डिझाइनचा सल्ला म्हणून घेऊ नये.

नुकत्याच घट्ट केलेल्या वाळूची ताकद त्याच दिवशी पूर्ण भरत नाही. नायजेरियात नायजर नदीवरच्या जेब्बा धरणाच्या पायात खोलवर सैल वाळू होती. वरचा भाग कंपनाने आणि खालचा स्फोटांनी घट्ट करण्यात आला. स्फोटांनंतर जमीन खचली, म्हणजे वाळू दाट झाली होती, आणि तरीही कोनचा रोध आधीपेक्षा कमी आला. पुढच्या काही आठवड्यांत तो आपोआप वाढत गेला. मिचेल आणि सॉलिमार यांनी 1984 मध्ये हे प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्यावर वाद चालू आहे. कणांमधल्या पाण्याचा दाब उतरल्यामुळे हे होते असे साइटवर सर्रास सांगितले जाते, पण स्वच्छ वाळूतला वाढलेला दाब बहुधा काही मिनिटांत किंवा तासांत उतरतो, त्यावरून आठवड्यांची वाढ समजत नाही. सुरुवातीला कणांमध्ये सिलिकाचा चिकटा धरत असावा असे मानले गेले. 1991 मध्ये श्मर्टमन यांनी मात्र भर दिला तो कण सूक्ष्म प्रमाणात सरकून एकमेकांत जास्त घट्ट बसण्यावर, आणि मला तेच पटते, कारण या काळात घनता जवळजवळ बदलत नाही, बदलते ती कणांची बैठक.

माझी चूक यापेक्षा फारच साधी होती. आमच्या कोनच्या प्रत्येक नोंदीवर टेस्टची तारीख होती, पण तो पॉइंट कॉम्पॅक्ट कधी केला ती तारीख नव्हती. एका पॅनेलची, म्हणजे भरावाच्या एका तुकड्याची, वाळू कॉम्पॅक्ट करून दोन दिवस झालेली, दुसऱ्याची तीन आठवडे झालेली, आणि दोन्ही एकाच तक्त्यात शेजारी शेजारी. तक्ता पाहून कार्यालयाने एक ओळीचे पत्र पाठवले की नापास पॉइंट पुन्हा करावेत. वाळूचे वय पाहा, असे मी तीन वेळा लेखी कळवले. दर वेळी उत्तर आले की स्पेसिफिकेशनमध्ये वयाचा उल्लेख नाही. ते खरेच होते, आणि निविदेच्या वेळी ती अट घालून घेण्याची जबाबदारी माझी होती. आम्ही पुन्हा कंपन दिले, म्हणजे तोवर बसलेली वीण स्वतःच्या हाताने मोडली, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा टेस्ट घेतली. दोन महिने याच फेऱ्यात गेले. शेवटी ठेकेदाराच्या रोजच्या डायऱ्यांमधून तारखा काढून आकडे वयानुसार लावले, तेव्हा नापास झालेले बहुतेक पॉइंट आठवड्याच्या आतले निघाले. त्या पत्रावर सही करणारे गृहस्थ तोवर एकदाही साइटवर आलेले नव्हते, हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की आज काहीही पुन्हा करू नये. तीन-चार पॅनेल राखून ठेवावीत, त्यांच्याजवळून जड यंत्रे जाऊ देऊ नयेत, आणि कॉम्पॅक्शननंतर 1, 7 आणि 28 दिवसांनी कोन घ्यावा. वाढ साधारण काळाच्या लॉगरिदमनुसार, म्हणजे आधी झपाट्याने आणि मग हळूहळू, होत असल्यामुळे रोज टेस्ट घेण्यात पैसा वाया जातो. प्रत्येक वेळी जागा नवी पण जवळची, आणि कंपन दिलेल्या शेजारच्या तीन पॉइंटच्या त्रिकोणाच्या मध्यावर घ्यावी, कारण वाळू सर्वांत कमी घट्ट तिथेच होते. आकडे मोठ्या फरकाने कमी असतील तर वयाच्या भरवशावर राहू नये. भूकंपात वाळू द्रवरूप होण्याच्या तपासणीत ही वाढ गृहीत धरायलाही माझा विरोध आहे, कारण जोराचा हादरा तीच बैठक पुन्हा मोडू शकतो.

वरचा मीटरभर थर व्हायब्रोने घट्ट होत नाही, त्याला रोलरच लागतो. त्या खोलीचे आकडे वादात ओढू नका. वाळूत शिंपल्यांचा चुरा बराच असेल तर कण कोनखाली फुटतात आणि तितक्याच घनतेला रोध कमी दिसतो, हेही कार्यालयाला आताच लेखी कळवून ठेवावे.

मला खरी शंका त्या चार ते सात मीटरच्या पट्ट्याचीच आहे. तिथे बारीक गाळाचे प्रमाण 10-15 टक्क्यांच्या वर असेल तर कंपनाचा उपयोगच कमी होतो आणि महिनाभर थांबूनही हाती काही लागेल असे वाटत नाही. त्या खोलीवरच्या नमुन्याची चाळणी (कणांच्या आकाराची तपासणी) आणि तिथून जाताना व्हायब्रोच्या मोटरने किती अँपिअर घेतले त्याची नोंद, एवढे इथे टाकल्यास पुढचे सांगता येईल.