ते जहाज दिवसभर घिरट्या का घालतं?

प्रश्न: नमस्कार, मी सड्यावर राहतो, गच्चीतून मुरगाव बंदर दिसतं. आठवडा झाला एक जहाज नुसतं आत-बाहेर करतंय, माल चढवत नाही की उतरवत नाही. शेजारी म्हणतात गाळ काढणारी सरकारी कंपनी आहे, रेती काढून विकतात. खरं का? आणि ती कंपनी 2019 मध्ये विकली ना?
– एक वाचक, वास्को

उत्तर: शेजाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे हो. जहाज ड्रेजरच, म्हणजे तळाचा गाळ काढणारं जहाज असणार, पण विकायला रेती वगैरे काही नाही, आपल्या बंदरात तळाशी बहुतेक मऊ चिखल आणि त्यात खारट पाणी, कोण घेणार तो घर बांधायला?

घिरट्यांचं म्हणाल तर उद्या गच्चीत चहा घेऊन बसा आणि जहाज पाण्यात किती बुडालंय तेवढंच बघा. आत येताना रिकामं, उंच दिसतं. मग कडेनं एक जाड पाइप खाली सोडतात, त्याच्या टोकाला लोखंडी तोंड असतं ते तळ घासत जातं आणि पंप चिखल-पाणी वर ओढतो, व्हॅक्यूम क्लिनरच समजा. सगळं जाऊन पडतं जहाजाच्या पोटातल्या मोठ्या टाकीत, म्हणजे हॉपरमध्ये, जड गाळ खाली बसतो, वरचं पाणी परत समुद्रात, म्हणून तर मागं तो चहाच्या रंगाचा पट्टा दिसतो. हॉपर भरला की जहाज चांगलंच खाली बसतं, मग बाहेर खोल समुद्रात ठरवून दिलेल्या जागी जातं, तळाचे दरवाजे उघडतं आणि ओझं टाकून हलकं होऊन परत. हीच त्याची ड्यूटी.

आता कंपनी. ड्रेजिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे डीसीआय, 1976 ची, मुख्य कारभार विशाखापट्टणमहून चालतो. 2019 मध्ये केंद्रानं आपला 73.47 टक्के हिस्सा विकला हे खरं, पण घेतला कुणी तर विशाखापट्टणम, पारादीप, जेएनपीटी आणि कांडला या चार सरकारी बंदरांनी! म्हणजे गिऱ्हाईकच मालक झाले. खाजगी झाली असं कुणी म्हणालं तर एवढं सांगा. कंपनीच्या तीन मोठ्या ड्रेजरांचे हॉपर साधारण साडेपाच हजार घनमीटरचे आहेत, आणि 12,000 घनमीटरचा एक 2022 मध्ये कोचीन शिपयार्डला बांधायला दिला.

दरवर्षी काढून गाळ परत कसा येतो असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं पत्र तेच येणार म्हणून आत्ताच सांगतो. झुआरी नदी पावसाळ्यात डोंगरातली माती घेऊन येते, पाणी रुंद झालं की वेग मंदावतो आणि माती तिथंच बसते. मांडवीच्या तोंडावर आग्वादला तर वाळूचा बांधच, पावसाळ्यात ती वाट बंद झाली की खनिजाचे बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायचे, जुन्या बार्जवाल्यांना विचारा. 2017 च्या जुलैत एक कॅसिनो बोट मिरामारला वाळूत रुतली तीही याच तोंडाजवळ.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. बसलेला गाळ काढून खोली आहे तेवढी राखणं वेगळं, आणि मोठ्या जहाजांसाठी तळ नव्यानं खणणं वेगळं. मुरगावच्या जहाजांच्या वाटेची खोली 14 मीटरच्या आसपास होती ती 19.8 मीटर करायला निघाले होते, आपले रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे), होडीवाले भांडले, आणि जनसुनावणी न घेता दिलेली पर्यावरण परवानगी हरित लवादानं 2016 मध्ये रद्द केली. माझं विचाराल तर भांडले ते बरंच केलं, ज्यांच्या शिंपल्या तिसऱ्या त्या चिखलात वाढतात त्यांना न विचारता तळ खणायचा म्हणजे काय!

तुमचं जहाज त्याच कंपनीचं का ते बघायचं तर दुर्बीण लावा, बाजूवर डीसीआय ड्रेज आणि पुढं रोमन आकडा असेल. नसेल तर दुसऱ्या कुणाचं, कामं टेंडरवर जातात. आकडा दिसला तर कळवा, आमच्या ऑफिसातून नुसती समोरच्या बिल्डिंगची टाकी दिसते.