गर्भातल्या मेंदूत गाबा उलटा का वागतो?

साकोलीकडच्या बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा प्रश्न: पुस्तकात गाबा हा चेतापेशी शांत करणारा रेणू, आणि सर म्हणतात गर्भात तोच पेशींना चेतवतो. खरं काय?

पोरी, दोन्ही खरं आहे, फक्त ‘चेतवतो’ हा शब्द जपून वापरायचा; का, ते शेवटी सांगतो. रोवणीच्या दिवसांत भाताच्या दोन बांध्यांमधला धुरा फोडलेला तू पाहिला असशील. पाणी कुणीकडं धावेल, हे त्या फटीवर नाही, कोणती बांधी जास्त भरली आहे त्यावर ठरतं. पेशीच्या पटलावर गाबाला धरणारं प्रथिन, गाबा-ए रिसेप्टर, म्हणजे ती फट. गाबा चिकटला की ती उघडते आणि ऋणभाराचे क्लोराइड आयन वाहतात.

वाढ झालेल्या पेशीत केसीसी२ हे वाहक प्रथिन पोटॅशियमसोबत क्लोराइड बाहेर काढत राहतं. आत क्लोराइड कमी, म्हणून फट उघडली की ऋणभार आत येतो, पेशी शांत होते. कोवळ्या पेशीत केसीसी२ फार थोडं. तिथं एनकेसीसी१ चालतं, ते सोडियम-पोटॅशियमसोबत क्लोराइड आत ओढतं. साठा आत तुंबलेला असल्यानं तीच फट उघडली की क्लोराइड बाहेर जातो, आतला ऋणभार घटतो. यालाच विध्रुवण म्हणतात, आणि त्यानं पेशी चेतण्याच्या जवळ येते. (आयनांना पातळीशिवाय पटलावरचा विद्युतदाबही ढकलतो. पेपरात दोन्ही लिही.)

हे कशासाठी, तो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्या वयात पेशींमधल्या बऱ्याच जोडण्यांवर ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रेणूचे एएमपीए जातीचे रिसेप्टर आलेलेच नसतात. त्याचेच दुसऱ्या जातीचे, एनएमडीए, असतात, पण त्यांच्या तोंडात मॅग्नेशियमचं बूच. गाबानं विद्युतदाब बदलला की ते बूच ढिलं होतं, कॅल्शियम आत शिरतं, आणि त्या कॅल्शियमच्या इशाऱ्यावर पेशीच्या फांद्या वाढतात, जोडण्या पक्क्या होतात.

येहेझ्केल बेन-आरी यांच्या गटानं १९८९ मध्ये नवजात उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात, गाबाचं हे रूप दाखवलं. उंदरांत जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांत केसीसी२ वाढून दिशा पालटते. त्याच गटाला २००६ मध्ये दिसलं, की प्रसूतीच्या वेळी आईचं ऑक्सिटोसिन (कळा आणणारं संप्रेरक) पिल्लाच्या पेशींतलं क्लोराइड तात्पुरतं उतरवतं. त्या कठीण काळापुरता गाबा पिल्लाचा मेंदू शांत ठेवतो. रिसेप्टर तोच, पण आईकडून आलेल्या रेणूनं त्याचं काम बदललं!

एक मात्र सांभाळ. जिवंत पिल्लांच्या मेंदूबाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, पाहिलं तेव्हा गाबा एकेका पेशीचं विध्रुवण करत होता, तरी पेशींच्या जाळ्याची एकूण हालचाल दबतच होती. म्हणून उत्तरात ‘उत्तेजक’ लिहू नको, ‘विध्रुवण करणारा’ लिही.