आधी पाणी, मग चौकशी

तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात घोळत राहिला. तुमच्या चर्चच्या मंडळीत वर्षभरात बरेच नवे चेहरे आले, दोन-तीन रविवार दिसले आणि मग दिसेनासे झाले. स्वागत समिती नेमली, फाटकावर फलक लावला, पाळकसाहेब नव्या माणसाला उभं करून टाळ्यांनी स्वागत करतात, तरी कुणी टिकत नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलात अनोळखी माणूस पहिल्याच दिवशी निवांत बसतो, मग आपल्याकडेच तो का अवघडतो, असं तुम्ही विचारलंय.

या दोन्ही जागा मी आतून पाहिल्यात. नगर जिल्ह्यातल्या एका मराठी मंडळीत लहानाचा मोठा झालो, पुण्यात आल्यापासून इथल्या मराठी उपासनेला जातो, आणि बावीस वर्षं मी आणि बायकोने विद्यार्थ्यांची खानावळ चालवली. त्यामुळे लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

हॉटेलात शिरल्यावर काय होतं ते आठवून बघा. तुम्ही टेकता न टेकता पाण्याचा ग्लास समोर येतो. तुम्ही कोण, कुठले, काय खाणार, पैसे आहेत का, यातलं काहीही कुणी विचारलेलं नसतं. तो ग्लास आला की आपण बसलोय ते बरोबर जागी बसलोय, एवढं कळतं आणि माणूस सैलावतो. मग फळ्यावर काय लिहिलंय ते वाचतो, शेजारच्याच्या ताटात डोकावतो. प्रश्न त्यानंतर येतो, आणि तोही 'काय आणू?' एवढाच.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पाणी नसतंच, आणि चौकशी दारातच सुरू होते. 'कुठले तुम्ही? आडनाव काय? गाव कुठलं? कोणत्या चर्चचे?' विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते, हे मी शपथेवर सांगेन. आपली माणसं नाती शोधत असतात. राहुरीचा कुणी भेटला की तो आपल्या आत्याच्या सासरचा निघतो, याचा आपल्याला मनापासून आनंद होतो. पण महाराष्ट्रात आडनाव आणि गाव विचारणं म्हणजे काय असतं, हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक असणार? माझे वडील सांगायचे, गावच्या हॉटेलात त्यांची कपबशी वेगळी असायची, बाहेर छपराला अडकवलेली. ती आपण काढायची, आपणच विसळून परत ठेवायची, चहा वरून ओतला जायचा. पुढे ते मुंबईला गेले. पहिल्यांदा इराण्याकडे संगमरवरी टेबलाशी बसले आणि पोऱ्याने काही न विचारता चहा-ब्रून मस्का समोर ठेवला. म्हातारपणीही हा प्रसंग सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. त्या चहाची चव त्यांनी कधी सांगितली नाही. 'त्याने काही विचारलं नाही रे,' एवढंच म्हणायचे.

त्याच माणसाची नातवंडं आज चर्चच्या दारात नव्या माणसाला आडनाव विचारतात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

यात भीतीचाही भाग आहे, तो मान्य करायला हवा. हल्ली अनोळखी माणूस मागच्या बाकावर बसला की कमिटीतल्या लोकांच्या पोटात गोळा येतो. कोण असेल, कशासाठी आला असेल, मोबाइलवर काही टिपत तर नाही ना? भीती खोटी नाही. पण ती शंभरातल्या एखाद्यासाठी असते आणि उरलेल्या नव्व्याण्णवांना ती आपल्या नजरेत वाचता येते. गल्ल्यावरचा मालकही सगळ्यांवर लक्ष ठेवून असतो, पण गिऱ्हाइकाला ते जाणवू देत नाही.

आता ते उभं करून टाळ्या वाजवणं. हे कृपा करून येत्या रविवारपासून बंद करा. हॉटेलात कधी मालक उठून 'आज हे गृहस्थ पहिल्यांदा आले आहेत' असं ओरडतो का? नव्याला सगळ्यात जास्त हवं असतं ते म्हणजे काही वेळ कुणाच्या लक्षात न येणं. त्यात तुमच्या मंडळीत उपासना मोबाइलवर थेट दाखवतात असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे त्याचा चेहरा त्याच्या घरी, ऑफिसात, गावच्या ग्रुपवर पोचायची सोय आपणच करतोय.

पुण्याच्या माणसाला इथे पंचहौद आठवल्याशिवाय राहत नाही. ऑक्टोबर १८९०. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली नामवंत मंडळी जमली होती, न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. यजमानांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी प्यायले, कुणी मान राखायला कप हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि ख्रिस्त्यांकडचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, बहिष्कार आले, आणि रानड्यांसारख्या माणसालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. इतिहासात ते 'चहा प्रकरण' म्हणून नोंदलं गेलं, पण चहाने कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते यादी बाहेर गेल्यामुळे. गुरुवार पेठेतल्या त्या चर्चच्या उंच घंटाघराखालून जाताना मला नेहमी वाटतं, की उपासनेला आलेल्याचं नाव त्याने स्वतः सांगेपर्यंत त्याचंच असतं. आपण ते पुलपिटावरून जाहीर करायचं नसतं.

खानावळीत शिकलेली एक गोष्ट सांगतो. जूनमध्ये नवी पोरं यायची, कुणी लातूरचं, कुणी यवतमाळचं. पहिल्या रात्री पोरगं दोन पोळ्या खायचं आणि बसून राहायचं. पोळ्या हव्या तेवढ्या घ्यायच्या असतात हे त्याला माहीत नसायचं, आणि विचारायची लाज. 'अजून हवी का?' म्हटलं की हमखास 'नको'. आमच्याकडे वाढायला एक काका होते, शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण या बाबतीत माझे गुरू. ते प्रश्न विचारायचेच नाहीत. टोपली घेऊन शेजारी उभे राहायचे आणि म्हणायचे, 'ही आत्ता तव्यावरून आलीय, अर्धी घे.' अर्धी कुणी नाकारत नाही. अर्धीनंतर दुसरी अर्धी. मग पोरगं मान वर करून आमटी मागायचं. पहिल्या दिवशीचा 'नको' हा नकार नसतो, तो संकोच असतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

उपासनेनंतर आपण नव्याला विचारतो, 'चहाला थांबणार ना?' तो म्हणतो, 'नाही, जरा गडबडीत आहे,' आणि आपण सुटलो. त्याऐवजी कप हातात देऊन 'चला, तिकडे सावलीत उभे राहू' म्हणून बघा.

हॉटेलचा आणखी एक नियम आपण घेतला पाहिजे, प्रत्येक टेबल कुणाचं तरी असतं. चार टेबलं एका वेटरची, पुढची चार दुसऱ्याची. सहा नंबरला पाणी गेलं नाही तर मालक नेमक्या माणसाला हाक मारतो. आपल्याकडे स्वागत 'सगळ्यांचं काम' असतं, म्हणून ते कुणीच करत नाही. तुमची समिती दारात उभी असते, पण दारातून आत गेल्यावर पुढचा दीड तास तो माणूस एकटाच असतो. खरी अडचण त्या दीड तासात आहे. गीत क्रमांक पुकारला जातो, जुन्यांना गाणं तोंडपाठ, याच्या हातात 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक नाही. सगळे उठतात, हा अर्धा उठून परत बसतो. विश्वासांगीकार, म्हणजे आपला विश्वास सगळ्यांनी मिळून म्हणणं, सुरू होतो, याचे ओठ मिटलेले. बायकांनी डोक्यावर पदर घेतलेला असतो, नवी मुलगी जीन्समध्ये आलेली असते आणि मागून कुणीतरी तिच्याकडे बघतं. म्हणून बाकं वाटून घ्या. दर तीन बाकांमागे एक माणूस, ज्याचं काम एवढंच, की त्याच्या बाकांवर कुणी नवं आलं तर शेजारी सरकून बसायचं, पुस्तक उघडून पान दाखवायचं, आणि 'आता उभं राहायचंय' हे नजरेने सांगायचं. उपदेश करायचा नाही. नंबर मागायचा नाही.

थैलीचंही बघा. हॉटेलात बिल शेवटी येतं, जेवण झाल्यावर. आपल्याकडे नव्या माणसासमोर अर्पणाची थैली येते तेव्हा आपण जेवलोय की नाही हेच त्याला कळलेलं नसतं. तो खिसे चाचपतो, पाचशेची नोट निघते, सुटे नसतात, सगळे बघतायत असं त्याला वाटतं. पाळकांनी एक वाक्य बोलायचं, 'आज पाहुणे म्हणून आलेल्यांनी थैली पुढे द्यावी, त्यांच्याकडून काही अपेक्षा नाही.' प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळीही तसंच. कुणी पुढे यायचं, कुणी बसून राहिलं तरी चालेल, हे आधी सांगितलं की न येणाऱ्याला अपमान वाटत नाही. तुमच्या मंडळीचा नियम जो असेल तो असो, तो मोठ्याने आणि मायेने सांगा.

जागेबद्दल एक प्रसंग. तीन-चार वर्षांपूर्वी, जुलैमधला रविवार, बाहेर धो धो पाऊस. पंचविशीतला एक मुलगा दाराशी आला. रेनकोट ठिबकत होता, तो कुठे ठेवायचा हे त्याला कळेना, शेवटी घडी करून पोटाशी धरला. मागच्या बाकाच्या टोकाला बसला. एक ज्येष्ठ जोडपं आलं आणि 'आम्ही इथे बसतो' म्हणालं. शांतपणे म्हणाले, रागावले नाहीत. तो उठला, पुढे सरकला. तिथेही कुणाची पिशवी जागा धरून होती. मग तो खांबाशी उभा राहिला, दुसऱ्या गीतापर्यंत. वचन वाचायला सगळे खाली बसले तेव्हा एकटा उभा दिसतोय म्हणून बाहेर गेला. मी चार बाकं पलीकडे होतो. सगळं बघितलं आणि उठलो नाही, वाटलं समितीचं कुणीतरी जाईल. फरशीवर त्याच्या रेनकोटाचं पाणी साचलं होतं, ते उपासना संपल्यावर मी पुसलं. तो परत आला नाही. बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आपण किती वेळा ऐकलाय, कुणाला कुठे बसवता त्याबद्दलचा. त्या रविवारपासून मी टोकाला बसायचं सोडलं. बाकाच्या मधे बसतो, टोक रिकामं ठेवतो. तुमच्यातल्या जुन्या घरांना एवढंच करायला सांगा. मागची बाकं आणि टोकं ही नव्यांची. खानावळीत आम्ही घरचे कधीच पंख्याखाली बसलो नाही.

एका ठिकाणी मात्र हॉटेलचा धडा थांबतो, आणि तिथेच बऱ्याच मंडळ्या चुकतात असं मला वाटतं. हॉटेलात गिऱ्हाईक वीस वर्षं आलं तरी गिऱ्हाईकच राहतं. आपल्याकडे माणसाला कधीतरी स्वयंपाकघरात घ्यावं लागतं. आमच्या खानावळीत दिवाळीच्या सुट्टीआधी गोडाचं जेवण असायचं आणि वाढपी कमी पडायचे. मग मी दोन-तीन पोरांना म्हणायचो, 'जरा ताटं मांडता का?' त्यांची पंगत शेवटी बसायची, तरी सगळ्यात खूश तीच असायची. आज पन्नाशीला आलेली ती माणसं पुण्यात आली की घरी जेवायला येतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या रविवारी नव्या माणसाला लहानसं, हाताने करायचं काम द्या. खुर्च्या लावणं, कापणीच्या सणाला आलेल्या भाज्या-धान्य मांडणं, संडे स्कूलच्या पोरांना खाऊ वाटणं. सभासदत्वाचा फॉर्म आणि बाप्तिस्म्याची चर्चा राहू द्या, ती त्याच्याकडून येईल तेव्हा येईल.

फोनबद्दलही विचारलंय तुम्ही. आला नाही तर एक मेसेज पुरे. 'रविवारी दिसला नाहीत, बरे आहात ना?' उत्तर नाही आलं तर दुसरा करू नका. पण तो महिन्याने आला तर नाव लक्षात ठेवा. हॉटेलात 'साहेब, नेहमीचंच ना?' ऐकून जे वाटतं, ते वाटू द्या त्याला. आमच्या काकांना कुणाला कांदा चालत नाही हे सहा महिन्यांनीही आठवायचं.

येत्या रविवारी समितीतल्या दोघांना दारातून काढून मागच्या तिसऱ्या बाकावर बसवा, टोकं रिकामी सोडून. दाराशी एक माठ आणि स्वच्छ ग्लास ठेवा, आणि रेनकोट-छत्र्यांसाठी चार खिळे ठोका. दोन महिन्यांनी इथेच लिहा काय झालं ते, मी वाट बघतोय.