‘कम्युनिकेशन सुधारा’ या शेऱ्याचं करायचं काय?

प्रश्न : मी शेवटच्या वर्षाला आहे आणि एका कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप करते आहे. मध्यंतरीच्या आढाव्यात कामाला चांगले गुण मिळाले, पण शेरा आला, ‘कम्युनिकेशन सुधारायला हवं.’ माझ्या मेलना उत्तरं येत नाहीत. मीटिंगमध्ये मी वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. इंग्रजी संभाषणाचा तीन महिन्यांचा क्लास लावू का? उत्तर न आलेला एक मेल सोबत जोडते.

उत्तर : क्लासची फी तूर्तास भरू नकोस. तुझा मेल दोनदा वाचला. त्यातलं इंग्रजी व्यवस्थित आहे. पण तो वाचून संपला तरी आपण नेमकं काय करायचं आहे, हे समोरच्याला कळत नाही. हा दोष भाषेचा नाही, मांडणीचा आहे आणि तो तीन महिन्यांच्या आत निघू शकतो.

पहिलं काम म्हणजे त्या शेऱ्याचा अर्थ विचारून घेणं. ‘मी काय सुधारू?’ असं विचारलंस तर ‘जरा आत्मविश्वास वाढव’ एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचार, ‘गेल्या महिन्यात माझ्या बोलण्या-लिहिण्यामुळे काम कुठे अडलं, याची दोन उदाहरणं सांगाल का?’ उदाहरण मागितलं की माणूस मोघम बोलू शकत नाही.

आता तुझा मेल. विषय लिहिला आहेस ‘एक शंका’. अशा विषयाचा मेल आज उघडला काय नि पुढच्या आठवड्यात काय, फरक पडतो असं कुणाला वाटणार? मग व्यत्यय आणल्याबद्दल दिलगिरी, मग सोमवारपासून तू काय काय केलंस त्याचा वृत्तांत. खरी अडचण, म्हणजे फाइलमधल्या तारखा, शेवटच्या परिच्छेदात येते. मोबाइलवरच्या मेलच्या यादीत पहिली एक-दोन वाक्यंच दिसतात आणि तुझ्या त्या वाक्यांत दिलगिरी आहे. शेवट ‘कृपया लवकरात लवकर मार्गदर्शन करावे’. मार्गदर्शन म्हणजे समोरच्यानं फाइल उघडायची, अडचण समजून घ्यायची, पर्याय शोधायचे आणि लिहून कळवायचे. पंधरा-वीस मिनिटांचं काम झालं. ते ‘सावकाश बघू’ म्हणून बाजूला पडतं आणि पडूनच राहतं. त्यात ‘प्रति’मध्ये पाच जण, म्हणजे प्रत्येकाला वाटणार की बाकीच्या चौघांपैकी कुणीतरी उत्तर देईल.

तोच मेल असा लिहिता आला असता (आकडे मी नमुन्यादाखल घातले आहेत) :

विषय : निर्णय हवा, बुधवार दुपारी ४ पर्यंत – विक्री अहवालातल्या तारखा

‘सर, एका शाखेच्या ३१२ नोंदी अहवालात घ्यायच्या की वगळायच्या, यावर तुमचा निर्णय हवा आहे. त्यांत ०५/०६ अशा तारखा आहेत. ५ जून की ६ मे, ते कळत नाही. नोंदी वगळल्या तर अहवाल उद्या संध्याकाळी तयार होईल. शाखेकडून खात्री करून घेतली तर आणखी दोन दिवस लागतील. एकूण १८,००० नोंदींपैकी या २ टक्क्यांहून कमी आहेत, म्हणून वगळून तशी तळटीप द्यावी असं मला वाटतं. चालेल का? तोवर बाकीच्या नोंदींचं काम चालू ठेवते. फाइल जोडली आहे, शंकेच्या ओळी पिवळ्या केल्या आहेत.’

याला ‘हो, वगळ’ एवढंच उत्तर पुरतं आणि ते लिफ्टची वाट बघतानाही देता येतं. मागणी आधी, मग कारण, मग पर्याय, मग स्वतःचं मत. मत देणं म्हणजे आगाऊपणा, असं नवख्यांना वाटतं. उलट वरिष्ठांना कोऱ्या कागदावर विचार करण्यापेक्षा समोर मांडलेलं मत खोडणं सोपं जातं. आणि ‘उत्तर आलं नाही तर मी असं करते’ हे वाक्य मागे फिरवता येणाऱ्या गोष्टींपुरतंच वापर. पैसे, करार किंवा ग्राहकाला दिलेला शब्द असेल तिथे मौनाला संमती समजायचं नाही.

(तुझ्या अडचणीतच एक धडा आहे, तोही घे. तारखेत महिना अक्षरांत लिहावा. काही देशांत दिवस आधी लिहितात, अमेरिकेत महिना आधी. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेवला की फाइली आपोआप तारखेनुसार लागतात.)

‘प्रति’मध्ये ज्यानं काहीतरी करायचं आहे तो माणूस, शक्यतो एकच. ‘सीसी’मध्ये ज्यांना फक्त माहिती हवी ते. ‘बीसीसी’मध्ये (तिथलं नाव बाकीच्यांना दिसत नाही) गुपचूप साहेबांना ठेवू नये, त्यांनी चुकून ‘रिप्लाय ऑल’ केलं की सगळं उघडं पडतं आणि विश्वास जातो. फाइल आधी जोडायची, मग मजकूर लिहायचा, पत्ता सगळ्यात शेवटी. म्हणजे अर्धवट मेल जात नाही.

उत्तर नाही आलं तर? घाई नसेल तर एक कामाचा दिवस थांब. मग त्याच मेलखाली एका ओळीत आठवण कर आणि निर्णय लांबला तर काय अडेल ते सांग. तरीही शांतता असेल तर फोन कर किंवा जागेवर जाऊन विचार. वरच्या साहेबांना ‘सीसी’ करायची वेळ आलीच तर आधी त्या माणसाला तसं सांग. न सांगता केलेली ‘सीसी’ ही तक्रारच असते, मजकूर कितीही नम्र असो. आणि एकाच मुद्द्यावर मेलच्या तीन फेऱ्या झाल्या की चौथी लिहू नकोस, फोन उचल. बोलणं झाल्यावर ठरलेलं दोन-तीन ओळींत लिहून पाठव, नाहीतर आठवड्यानं दोघांच्या आठवणी वेगळ्या निघतात.

चॅटवर नुसतं ‘हाय सर’ लिहून वाट बघत बसणं बंद. नमस्कार आणि प्रश्न एकाच संदेशात.

मीटिंगचं दुखणं वेगळं आहे. तू तिथे बसून वाक्य जुळवतेस, म्हणून उशीर होतो. वाक्य आदल्या दिवशी जुळव. विषयपत्रिका बघून ज्या मुद्द्याशी तुझ्या कामाचा संबंध आहे तिथलं एकच वाक्य लिहून ने आणि मीटिंग घेणाऱ्याला आधी सांगून ठेव, ‘तिसऱ्या मुद्द्यावर मला एक मिनिट हवं आहे.’ मग नाव घेऊन तुला बोलावलं जातं, मध्ये घुसावं लागत नाही. प्रश्न आला तर निष्कर्ष आधी, कारण नंतर : ‘नाही, शुक्रवारी होणार नाही. मंगळवारी होईल. चाचणीत दोन त्रुटी निघाल्या.’ माहीत नसेल तर ‘आत्ता माहीत नाही, उद्या ११ पर्यंत सांगते’ हे पूर्ण उत्तर आहे. मात्र उद्या ११ ला सांगायचं.

शिवाय इतिवृत्त लिहिण्याचं काम मागून घे. बहुतेकांना ते नको असतं, म्हणून लगेच मिळतं. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढे तीनच रकाने ठेव. ते भरायचे म्हणून तुला विचारावंच लागेल, ‘म्हणजे हे नक्की कोण करणार?’ नवख्या माणसाला भर मीटिंगमध्ये याहून सोपं तोंड उघडायला मिळत नाही. त्याच दिवशी सगळ्यांना पाठवून दे.

ऐकण्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, पण निम्मी गडबड तिथे असते. काम सांगितलं की मान डोलावून निघायचं नाही. आपल्या शब्दांत परत सांगायचं : ‘म्हणजे फक्त गेल्या तिमाहीचे आकडे, शाखेनुसार, गुरुवारपर्यंत. बरोबर?’ विमानवाहतुकीत हा शिष्टाचार नाही, नियम आहे. टॉवरची, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाची, परवानगी वैमानिक शब्दशः परत म्हणतो आणि टॉवर ती ऐकून चूक असेल तर दुरुस्त करतो. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरिफे बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट धडकली आणि ५८३ माणसं गेली. अनेक कारणांपैकी एक हे, की ‘आम्ही आता टेक-ऑफला’ अशा अर्थाचे वैमानिकाचे शब्द टॉवरनं ‘उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असे घेतले. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असं ठरलं. ‘ओके’ आणि ‘समजलं’ यांवरून समोरच्याला काय समजलं ते कळत नाही.

आपण सांगतो तेव्हाही हेच. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. एकानं ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर वाजवायचा, दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. तू ज्या फाइलवर आठवडाभर बसली आहेस, तिच्याबद्दल साहेबांना लिहिताना हेच होतं. म्हणून पाठवण्याआधी त्या कामाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला मेल वाचायला दे आणि विचार, ‘यात तुझ्याकडे काय मागितलंय?’ त्याला सांगता आलं नाही तर पुन्हा लिही.

वाईट बातमी लवकर द्यायची. तारीख हुकणार हे मंगळवारी कळलं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी सांगण्यात अर्थ नाही. मंगळवारी सांगितलं तर अजून काहीतरी करता येतं. किती उशीर, का, आणि पाळता येईल अशी नवी तारीख. ‘९० टक्के झालं’ असं सांगू नये. त्यातून उरलेलं काम एका तासाचं की एका आठवड्याचं हे समजत नाही. काय झालं, काय अडलं, पुढचं काय, हे सांग.

राहता राहिला क्लास. जाहिरातीत ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५’ असं दिसलं तर सावध राहा. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून आले. ते भावनांपुरते होते; सुटा शब्द, स्वर आणि चेहरा यांचा मेळ नसेल तर माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढंच त्यात पाहिलं होतं. ते सगळ्या बोलण्याला लागू करू नका, हे खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलं आहे. अहवालातल्या तारखा हावभावांनी समजावता येत नाहीत.

वर मागायला सांगितलेली दोन उदाहरणं आली आणि दोन्ही बोलण्यातल्या अडखळण्याबद्दलच निघाली, तर क्लासचा विचार जरूर कर. आधी दोन आठवडे रोज आपल्या कामावर दोन मिनिटं बोलून मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि ऐक. कोणत्या शब्दांपाशी अडतेस, आकडे नि नावं घाईत गिळतेस का, ते स्वतःलाच कळेल. त्यानंतरही क्लास हवा वाटला, तर फी विचारण्याआधी तुकडीत किती जण आहेत ते विचार. तासाला वीस जण असतील तर तुझ्या वाट्याला बोलायला फार तर तीन मिनिटं येतील. सहा-आठ जणांची तुकडी शोध, आणि तिथे तुझे खरे मेल नि खरी सादरीकरणं घेऊन बसता येईल का, हेही विचारून घे.