एखाद्या निवृत्त रेसलरने आपल्या दिवंगत प्रतिस्पर्ध्याबद्दल सांगितलेली कोणती आठवण तुमच्या मनात कायमची राहिली?

ब्रेट हार्टने कर्ट हेनिगबद्दल सांगितलेली. कर्ट हेनिग म्हणजे तोच आपला मिस्टर परफेक्ट, दोघंही WWF चे, म्हणजे आताच्या WWE चे रेसलर. ब्रेटला आवडते प्रतिस्पर्धी कोण असं कुणीही विचारलं की कर्टचं नाव हटकून येतं, आणि ते नाव घेताना तो जिंकण्याहरण्याबद्दल फार बोलत नाही, कर्टने त्याच्यासाठी काय सोसलं त्याबद्दल बोलतो.

लहानपणी मला परफेक्ट अजिबात आवडायचा नाही, आणि तो आवडू नये अशीच सगळी व्यवस्था होती. त्याच्या त्या क्लिप्स आठवत असतील तुम्हाला, गोल्फमध्ये लांबच लांब पट मारून बॉल बरोबर होलमध्ये, स्वतःच फुटबॉल फेकायचा आणि स्वतःच धावत जाऊन झेलायचा, बाण मधोमध. रिंगमध्ये आला की टॉवेल पाठीमागून उडवून झेलणार, तोंडातलं च्युइंगम हवेत उडवून तळहाताने टोलवणार, आणि चेहऱ्यावर कायम तो माज. ब्रेट माझा हिरो, गुलाबी-काळा ड्रेस, लहान पोराला स्वतःचा गॉगल काढून देणारा. त्यामुळे या दोघांचं एकमेकांशी खरंच वाकडं आहे असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो.

खरं तर दोघांची घरं सारखीच. ब्रेटचे वडील स्टू हार्ट, कॅल्गरीतल्या घराच्या तळघरात पोरांना कुस्ती शिकवणारे, आणि कर्टचे वडील लॅरी 'द ॲक्स' हेनिग, मिनेसोटाचे नावाजलेले रेसलर. दोघंही बापाचा धंदा बघत वाढलेले, त्यामुळे एकमेकांना फार समजावून सांगावं लागत नसणार असं मला वाटतं.

इथे एक गोष्ट सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लोक म्हणतात सगळं ठरलेलंच असतं, खोटं असतं. निकाल ठरलेला असतो हे खरं, पण पडणं खरं असतं. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळसं पॅडिंग आणि कॅनव्हास, गादी नव्हे. पडताना हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा आणि पूर्ण पाठ एकदम सपाट टेकवायची, म्हणजे मार सगळीकडे वाटला जातो, आणि हे एका मॅचमध्ये पंधरा-वीस वेळा, आठवड्यातून चार-पाच रात्री, वर्षानुवर्षं. शिवाय उचलणारा एकटा काही करत नसतो, ज्याला उचललंय तोही उडी मारून साथ देतो. एकदा उचललं गेलं की मात्र तुमची मान पूर्णपणे समोरच्याच्या हातात. म्हणजे ज्याला तुम्ही जगासमोर शत्रू म्हणता त्याच्यावर तुम्ही सख्ख्या भावाइतका भरवसा टाकलेला असतो. जुगलबंदीत कसं, दोघं एकमेकांना हरवायला बसल्यासारखे दिसतात पण एकाने ताल सोडला तर दुसराही पडतो, तसंच.

आता ती आठवण. २६ ऑगस्ट १९९१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, WWF चा दरवर्षीचा मोठा कार्यक्रम समरस्लॅम. कर्ट इंटरकॉन्टिनेंटल चॅम्पियन आणि ब्रेटला तो पट्टा, म्हणजे तो किताब, मिळणार असं ठरलेलं. ब्रेट तोवर टॅग टीमवाला, म्हणजे जोडीने खेळणारा म्हणून ओळखला जायचा, हार्ट फाउंडेशन या जोडीतला अर्धा भाग, एकटा पुढे जाईल का हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे ही रात्र त्याच्यासाठी सगळं काही होती. आणि त्याच उन्हाळ्यात कर्टची पाठ गेली. साधी लचक नव्हे, मणक्याची गंभीर दुखापत, कित्येक आठवडे तो रिंगपासून लांब होता. अशा अवस्थेत त्याने नाही म्हटलं असतं तर कुणी एक शब्द बोललं नसतं, पट्टा दुसऱ्या एखाद्या मार्गाने ब्रेटकडे गेला असता किंवा गेलाही नसता. पण कर्ट आला. ब्रेट सांगतो की तो माझ्यासाठी आला, मला हा पट्टा नीट, मानाने मिळावा म्हणून आला. आणि नुसता येऊन दोन मिनिटांत आटपून गेला नाही, जवळपास अठरा मिनिटं मॅच केली, पाठीवर पडला, कोपऱ्यावर आदळला, दोरांमधून बाहेर गेला, सगळं केलं. प्रेक्षकांत ब्रेटचे आईवडील बसले होते, त्यांच्यासमोर.

त्यात परत एक बारकी गोष्ट आहे जी रेसलिंग न बघणाऱ्याला सहज लक्षात येणार नाही. परफेक्टचा शेवटचा डाव परफेक्टप्लेक्स, तो लागला की मॅच संपली असं लोकांना वर्षानुवर्षं सवयीने माहीत होतं. त्या रात्री ब्रेट त्यातून सुटला. आपल्या हुकमी डावातून कुणाला सुटू देणं म्हणजे रेसलर स्वतःची पुंजी काढून समोरच्याच्या हातात देतो, कारण त्या डावाची भीती एकदा मोडली की मोडली. कर्टने ती दिली. आणि मॅचचा शेवट कसा, तर ब्रेट खाली पडलेला असताना कर्ट पाय आपटायला जातो, ब्रेट आडव्या अवस्थेतच तो पाय धरतो आणि तिथूनच शार्पशूटर लावतो. शार्पशूटर माहीत असेल तर आठवा, पाय गुंतवून माणसाला पालथा करायचा आणि कंबर मागे वाकवायची. पाठ दुखावलेल्या माणसाला! पकड बसताक्षणी कर्ट हार मानतो, आणि त्या लगेच हार मानण्यात नाटक किती आणि खरं किती हे मी आजही सांगू शकत नाही.

काही वर्षांपूर्वी माझी स्वतःची कंबर धरली होती, स्लिप डिस्क, दोन महिने बुटाची लेस बांधायला वाकता येत नव्हतं, शिंक आली तरी डोळ्यांतून पाणी. त्या दिवसांत पडल्या पडल्या ही मॅच पुन्हा लावली. लहानपणी ज्या माणसाला शिव्या घालायचो त्याच्याकडे बघून गळा दाटून आला. मी खुर्चीतून उठताना दहादा विचार करत होतो आणि हा माणूस वीस हजार लोकांसमोर स्वतःहून आपटून घेत होता, तेही हरण्यासाठी.

त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ कर्ट मॅच खेळला नाही, रिक फ्लेअर या दुसऱ्या रेसलरच्या बाजूला उभा राहून बोलायचं काम करायचा. परत आल्यावर १३ जून १९९३ ला किंग ऑफ द रिंग या स्पर्धेत हे दोघं पुन्हा भिडले. ब्रेटने त्या एका रात्रीत तीन मॅच केल्या, आधी रेझर रेमन, मग परफेक्ट आणि शेवटी बॅम बॅम बिगलो. मधली परफेक्टबरोबरची मॅच निव्वळ रेसलिंग म्हणून मला १९९१ च्या मॅचपेक्षाही सरस वाटते, कारण यावेळी कर्टची पाठ साथ देत होती आणि दोघं बरोबरीने मनमोकळे खेळलेत.

भरवसा दोन्ही बाजूंनी चालतो याचंही उदाहरण ब्रेटच्याच आठवणींत आहे. १९९२ चा समरस्लॅम, लंडनचं वेम्बली, समोर ८० हजार लोक आणि प्रतिस्पर्धी त्याचा मेहुणा डेव्ही बॉय स्मिथ, मूळचा इंग्लंडचाच. ब्रेट सांगतो की मॅच सुरू झाली आणि डेव्ही ठरवलेलं सगळं विसरला. मग ब्रेटने पूर्ण मॅचभर पुढे काय करायचं ते त्याच्या कानात सांगत त्याला सांभाळून नेलं, आणि शेवटी डेव्हीच्या लोकांसमोर स्वतः हरला. कर्टने एक वर्ष आधी जे ब्रेटसाठी केलं तेच ब्रेटने इथे केलं, असं मला ते बघताना नेहमी वाटतं.

दुसरी एक जोडी सांगायलाच हवी, रिकी स्टीमबोट आणि रँडी सॅव्हेज. २९ मार्च १९८७, WWF चा सर्वांत मोठा वार्षिक कार्यक्रम रेसलमेनिया ३, अमेरिकेतलं पॉन्टियाक सिल्व्हरडोम स्टेडियम. स्टीमबोटची सवय रिंगमध्ये जाऊन सुचेल तसं खेळायची, आणि सॅव्हेजला एकेक पाऊल आधी ठरलेलं लागायचं. स्टीमबोट सांगतो की दोघांनी पिवळ्या कागदांच्या वह्यांवर सगळ्या चाली नंबर टाकून लिहून काढल्या आणि मग एकमेकांची परीक्षा घ्यायचे, अमुक नंबरनंतर काय, सांग. साडेचौदा मिनिटांच्या मॅचसाठी एवढा अभ्यास! त्या रात्रीची मोठी मॅच हल्क होगन आणि आंद्रे द जायंट या बड्या रेसलरांची होती, पण रेसलिंगवर प्रेम करणारे लोक अजून या दोघांच्या मॅचचीच आठवण काढतात. सॅव्हेज २० मे २०११ ला ५८ व्या वर्षी गाडी चालवताना हृदयविकाराने गेला. तेव्हापासून स्टीमबोट जिथे जाईल तिथे ती वह्यांची गोष्ट सांगतो, आणि मॅचचं श्रेय रँडीच्या त्या चिकाटीला देतो. जिंकला होता स्टीमबोट बरं का.

कर्ट त्याच्याही आधी गेला, १० फेब्रुवारी २००३ ला, अवघा ४४ वर्षांचा, कारण कोकेन. हे लपवण्यात अर्थ नाही, त्या पिढीतले फार जण दुखणी, गोळ्या आणि सततचा प्रवास यांच्यात असेच संपले. ब्रेटने तोवर भाऊ ओवेन गमावला होता १९९९ मध्ये, डेव्ही २००२ मध्ये. आणि स्वतः ब्रेटचं करिअर डोक्यात बसलेल्या एका लाथेने संपलं, समोरच्याच्या बेफिकिरीने. आपण कुणालाही गंभीर जखमी केलं नाही याचा ब्रेटला कुठल्याही पट्ट्यापेक्षा जास्त अभिमान आहे, म्हणून त्याच्या तोंडून कर्टचं कौतुक ऐकताना ते वेगळं लागतं. सुरक्षित हात कशाला म्हणतात हे त्याला दोन्ही टोकांनी माहीत आहे.

कर्टचा मुलगाही रेसलर झाला, कर्टिस ॲक्सेल, नावात बाप आणि आजोबा दोघंही. १६ जून २०१३ ला, फादर्स डेच्या दिवशी, त्याने तोच इंटरकॉन्टिनेंटल पट्टा जिंकला.

बघायचं असेल तर १९९१ ची मॅच आधी बघा, आवाज बंद करून, आणि ब्रेटकडे नका बघू. फक्त कर्ट किती वेळा पाठीवर पडतो आणि प्रत्येक वेळी कसा उठतो तेवढंच बघा.